प्रकल्पाचे मूळ फोल्डर कसे सापडते?

सानिका नावाच्या मुलीने शाळेच्या ग्रंथालयासाठी एक आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहायला घेतली आहे असे समजा. तिच्या सर्व फायली 'ग्रंथालय' नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. त्याच्या आत 'नोंदी' हे फोल्डर आणि 'नोंदी'च्या आत 'सदस्य' हे आणखी एक. सानिका 'सदस्य'मध्ये काम करीत आहे आणि तेथूनच ती संगणकाला विचारते, "संपूर्ण प्रकल्पात काय काय बदलले आहे?" उत्तर देणारे साधन लगेच कामाला लागते. पण संपूर्ण प्रकल्प म्हणजे कोठून कोठपर्यंत, हे त्याला कोणी सांगितले? 'सदस्य'मधून आपल्याला हाक मारली गेली, एवढेच काय ते त्याला ठाऊक असते.

'सदस्य'चा पूर्ण पत्ता '/घर/सानिका/ग्रंथालय/नोंदी/सदस्य' असा आहे. या पाच नावांपैकी प्रकल्पाचे मूळ कोणते, हे नुसत्या नावांवरून कळणे शक्य नाही. म्हणून मूळ फोल्डरमध्ये एक खूण ठेवण्याची पद्धत आहे. गावाच्या शिवेवर दगड असतो ना, तशीच ही खूण. लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी 2005 मध्ये 'गिट' हे साधन तयार केले. फायलींत वेळोवेळी झालेल्या बदलांची ते नोंद ठेवते. त्याची खूण म्हणजे '.गिट' या नावाची नोंद. रस्ट भाषेचे 'कार्गो' हे साधन 'कार्गो.टॉमल' नावाची फाईल शोधते, तर जावास्क्रिप्टची साधने 'पॅकेज.जेसन' शोधतात.

खूण शोधायची ती वरच्या दिशेने. गिट प्रथम 'सदस्य'मध्ये पाहते, तेथे नाही. मग 'नोंदी'त, तेथेही नाही. तिसऱ्या खेपेस 'ग्रंथालय'मध्ये खूण सापडते व शोध थांबतो. वरच का जायचे? खाली उतरू लागलो, तर एका फोल्डरात दहा फोल्डर, त्या प्रत्येकात आणखी दहा, अशा वाटा फुटत जातात आणि लाखो ठिकाणी डोकवावे लागते. वर जाताना मात्र वाट एकच, कारण प्रत्येक फोल्डरला पालक एकच असतो. पाच पायऱ्या खोल असलो, तर फार तर सहा ठिकाणी पाहावे लागते.

'वर' म्हणजे कोठे, हे संगणकाला कसे समजते, ही गोष्ट फार मौजेची आहे. बेल लॅबोरेटरीत 1969 पासून केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'युनिक्स' ही कार्यप्रणाली घडविली. तिच्यात प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी असतात. एका टिंबाची नोंद म्हणजे ते फोल्डर स्वतः, दोन टिंबांची नोंद म्हणजे त्याचे पालक. गंमत अशी की, फोल्डरला स्वतःचे नावच ठाऊक नसते! त्याच्याकडे असतो फक्त एक क्रमांक. नाव लिहिलेले असते पालकाच्या यादीत. म्हणून जुन्या युनिक्समध्ये 'मी कोठे आहे?' असे विचारले, की आज्ञावली दोन टिंबांवरून पालकाकडे जाई, त्याच्या यादीत आपला क्रमांक शोधी, त्यासमोरचे नाव टिपून घेई आणि पुन्हा वर चढे. शिखर आले हे कसे ओळखायचे? सर्वांत वरच्या फोल्डरची दोन टिंबे स्वतःकडेच बोट दाखवितात. वर जाऊनही क्रमांक बदलला नाही, की चढण संपली. गिट आज इतका खटाटोप करीत नाही. ते पूर्ण पत्ता एकदाच विचारून घेते आणि त्याच्या शेवटचे एकेक नाव खोडत जाते.

सर्वांत जवळची खूण खरी, असा गिटचा नियम आहे. 'कार्गो' मात्र पहिली खूण सापडल्यावरही वर पाहते, कारण अनेक लहान प्रकल्पांची मिळून एक मोठी मोट बांधलेली असू शकते. आणखी एक बारकावा: '.गिट' हे नेहमी फोल्डरच असते असे नाही. कधीकधी ती एक छोटी फाईल असते आणि 'खरी नोंदवही अमुक ठिकाणी आहे' एवढेच तिच्यात लिहिलेले असते. केवळ फोल्डर शोधणारी घरगुती आज्ञावली तेथे हमखास फसते.

आता समजा, सानिका प्रकल्पाबाहेरच उभी आहे. गिट वर चढत चढत शिखरापर्यंत जाईल. तेथे दुसऱ्याच कोणी '.गिट' ठेवले असेल तर? शाळेच्या प्रयोगशाळेत एक संगणक अनेक जण वापरतात. विंडोजवर 'सी' ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर साध्या वापरकर्त्यालाही बहुधा फोल्डर करता येते. '.गिट'मध्ये नुसती नोंदवही नसते, मांडणीची फाईलही असते. आणि अमुक काम करताना अमुक आज्ञावली चालव, असे त्या फाईलीत लिहिता येते. म्हणजे सानिकाने निरागसपणे 'काय बदलले?' विचारावे आणि तिच्या नावावर परक्याची आज्ञावली चालावी! हा धोका ओळखून एप्रिल 2022 मध्ये गिटची 2.35.2 ही आवृत्ती काढण्यात आली. तेव्हापासून खूण सापडली तरी गिट आधी तिचा मालक कोण हे पाहते. मालक वेगळा निघाला, तर ते काम करण्यास नकार देते.

प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या खात्यातून आणलेला प्रकल्प दुसऱ्याने उघडला, की हाच नकार दिसतो व शिक्षकांचीही पंचाईत होते. प्रकल्प आपल्या ओळखीचा असेल, तर त्याचा पत्ता 'सेफ डॉट डिरेक्टरी' या यादीत घालावा. पत्त्याऐवजी तेथे नुसती चांदणी टाकली, तर तपासणी सर्वच प्रकल्पांसाठी बंद होते; सामायिक संगणकावर तसे करू नये. ही यादी गिट वापरकर्त्याच्या स्वतःच्या किंवा संपूर्ण संगणकाच्या मांडणीतून वाचते. सापडलेल्या प्रकल्पाच्या मांडणीत 'मी सुरक्षित आहे' असे लिहिलेले असले, तरी त्याकडे ते लक्ष देत नाही.