रापणारी त्वचा आणि सनस्क्रीनवरचा आकडा

सनस्क्रीनच्या वेष्टनावर ठळक छापलेला एसपीएफचा आकडा म्हणजेच त्या उत्पादनाची सगळी गुणवत्ता, हा या विषयातील सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज आहे. एसपीएफ, म्हणजे सूर्यसंरक्षण गुणांक, एवढेच सांगतो की उघडी त्वचा जेवढ्या किरणमात्रेने लाल होऊ लागते, तिच्या किती पट मात्रा लेप लावलेली त्वचा लाल न होता सोसते. ही लाली प्रामुख्याने यूव्हीबी, म्हणजे सुमारे २९० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांमुळे येते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेचे दुखणे मात्र बहुधा लालीचे नसते. ती रापते, गालांवर व कपाळावर वांगाचे डाग उमटतात, मुरूम बरे झाले तरी त्यांच्या काळ्या खुणा महिनोन्महिने रेंगाळतात. आणि या काळवंडण्यात ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या यूव्हीए किरणांचा, तसेच डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशाचाही मोठा वाटा असतो. सावळ्या त्वचेला सनस्क्रीनची गरज नाही, हे मत म्हणूनच अपुरे आहे: मेलॅनिन हे रंगद्रव्य तिला भाजण्यापासून बऱ्यापैकी वाचवते, डागांपासून नाही.

आकडा वाढला की संरक्षण त्याच पटीत वाढते, असेही मानले जाते. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवतो. फरक आहे, पण आकड्यांवरून वाटतो तेवढा नाही. यूव्हीएसाठी वेगळी खूण पाहावी लागते. जपानमध्ये रूढ झालेल्या आणि भारतातही सर्रास छापल्या जाणाऱ्या ‘पीए’ या खुणेपुढे जितकी अधिकचिन्हे, तितके यूव्हीए-संरक्षण जास्त, आणि चार चिन्हे ही त्यातील सर्वोच्च पायरी होय. युरोपीय संकेतानुसार वर्तुळात ‘यूव्हीए’ ही अक्षरे असतील, तर ते संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश असते.

घटकांच्या यादीविषयीचे गैरसमज अधिक चिवट आहेत. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे आरशासारखी किरण परतवतात आणि बाकीची ‘रासायनिक’ द्रव्ये ते शोषतात, अशी विभागणी सर्वत्र सांगितली जाते. वस्तुतः ही खनिजेही अतिनील किरण मुख्यतः शोषूनच घेतात आणि परावर्तनाचा वाटा अल्प असतो. त्यांचा खरा गुण हा की ती संवेदनशील त्वचेला सहसा बोचत नाहीत, आणि खरी अडचण ही की सावळ्या चेहऱ्यावर त्यांची राखाडी झाक उरते. उलट अव्होबेन्झोन हे यूव्हीए शोषणारे सेंद्रिय द्रव्य अदृश्य राहते, पण उन्हातच विघटित होऊ लागते. म्हणून त्याच्या जोडीला ऑक्टोक्रिलीनसारखा स्थिरता देणारा घटक आहे का, हे यादीत पाहावे. अशी काही द्रव्ये रक्तात उतरतात, हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत दिसले हे खरे; परंतु तेथे ओलांडली गेलेली मर्यादा ही पुढील तपासणी आवश्यक ठरवणारी होती, अपाय सिद्ध करणारी नव्हे. वांग असलेल्यांनी तर यादीत आयर्न ऑक्साइड आवर्जून शोधावे, कारण रंगछटा असलेल्या सनस्क्रीनमधील ही पिवळी, तांबडी व काळी रंगद्रव्ये दृश्य प्रकाशही अडवतात, जे काम रंगहीन लेपाला फारसे साधत नाही.

तेलकट त्वचेला जेल किंवा पातळ द्रवरूप, कोरड्या त्वचेला क्रीम, आणि चटकन पुरळ उठणाऱ्या त्वचेला सुगंधविरहित लेप सोसतो. तरीही नवे उत्पादन आधी काही दिवस जबड्याच्या कडेला थोडेसे लावून पाहणे श्रेयस्कर.

हा सर्व हिशेब कोलमडतो तो मात्रेपाशी. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना प्रत्येक चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावतात, तर प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी लावतात, आणि मात्रेबरोबर संरक्षणही घसरते. चेहरा व मान यांना एका वेळी एक ग्रॅमहून थोडा अधिक लेप लागतो, म्हणजे तर्जनी व मधले बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन भरीव रेघा. या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब, दिवसातून एकदाच लावली तरी, दीड महिन्याच्या आत संपते. ती सहा महिने पुरत असेल, तर वेष्टनावरचा ५० हा आकडा त्या चेहऱ्यावर कधी उतरलेलाच नसतो.