वाढलेल्या वंशवृक्षाचा थळझाडा

(वंशावळीचे दप्तर : लेखांक सातवा)

वंशवृक्ष संगणकावर कसा उभारावा, पहिली नोंद कोणाची करावी आणि आजी-आजोबांच्या तोंडची माहिती कशी उतरून घ्यावी, याचा विचार मागील लेखांकांत झाला. ज्यांचा वृक्ष उभा राहून गेला आहे, किंबहुना उभा राहता राहता धन्याच्याच आवाक्याबाहेर गेला आहे, अशा मंडळींची अडचण आज घ्यावयाची आहे. नगर जिल्ह्यात, ज्याचे सरकारी नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे, अशी मंडळी आता थोडी राहिलेली नाहीत. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली जाऊन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तो आधी मराठवाड्यापुरता होता तो पुढे सर्व राज्यात पसरला, आणि तहसिलीच्या कपाटांत वर्षानुवर्षे पडून असलेली कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे व मोडीतील जुने कागद एकाएकी बाहेर निघाले. पणजोबाच्या नावापुढील एका शब्दाशी आपला संबंध जोडण्यासाठी वंशावळ मांडणे भाग होते. ती आधी वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडली गेली, मग घरातील एखाद्या तरुणाने ती जेनी, विकीट्री वा फॅमिलीसर्च अशा एखाद्या वंशावळीच्या संकेतस्थळावर चढवली, आणि दाखल्याचे काम होवो वा न होवो, वृक्ष मात्र वाढू लागला.

या वाढीचे कारण समजून घेतल्यावाचून तिचा बंदोबस्त करता येणार नाही. वहीतील वंशावळ लिहिणाऱ्याचा हात थकला म्हणजे थांबते. संकेतस्थळावरील वंशावळ तशी थांबत नाही, कारण तिथे प्रत्येक नावाशेजारी दुसऱ्या कोणाच्या तरी वृक्षातील जुळणारे नाव पुढे केले जाते आणि एक कळ दाबताच सुनेच्या माहेरचे सारे गोत आपल्या मांडवात येऊन बसते. त्यातच जेडकॉम नावाची एक मसुद्याची रीत आहे. अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांच्या चर्चने 1984 साली ती प्रचारात आणली, आणि तिच्यामुळे एका ठिकाणची अख्खी वंशावळ एका फाइलीत भरून दुसरीकडे उतरवता येते. सोय मोठी खरी. परंतु जे नाव तिथे आधीच होते ते या सोयीने दुसऱ्यांदा उतरते, चुलतभावाने तीच फाइल चढवली की तिसऱ्यांदा, आणि मूळ फाइलीत कोणी अंदाजाने लिहिलेले जन्मसाल तिन्ही ठिकाणी सारख्याच अधिकारवाणीने बोलू लागते.

श्रीगोंदे तालुक्यातील एक सद्गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या नावावर आज काही हजार प्रोफाइले असून त्यांपैकी बहुतेकांशी आपले नाते काय, हे विचारल्यास त्यांना पडद्यावर बराच वेळ बोट फिरवावे लागते. कोणी दूरचा नातेवाईक एखाद्या नोंदीत दुरुस्ती सुचवतो तेव्हा त्यांस उत्तर द्यावयास सवड नसते. पण ती नोंद सोडून द्या म्हटले, तर त्यांचा चेहरा वतन गेल्यासारखा होतो. ही वृत्ती आपल्या मुलखात जुनीच आहे. पाटीलकीच्या वडीलपणासाठी आणि तक्षिमेसाठी आपल्या पूर्वजांनी गोतसभेपुढे जे करीने मांडले, त्यांतील पिढ्यांच्या याद्या नात्यागोत्याच्या प्रेमापोटी लिहिलेल्या नाहीत. हक्क शाबीत करण्यासाठी लिहिलेल्या आहेत. संकेतस्थळ ज्याला प्रोफाइलचा कारभारी म्हणते, तो मात्र वतनदार नव्हे. त्याचे काम कुळकर्ण्याचे आहे: नोंद नीट ठेवावी, विचारणाऱ्यास तिची नक्कल दाखवावी, चूक निघाल्यास दुरुस्त करावी, आणि दप्तर आवरेनासे झाल्यास त्यातील रुमाल दुसऱ्या जाणत्या हाती द्यावेत. विकीट्रीने तर आपल्या सभासदांस नजरेखालच्या नोंदी पाच हजारांच्या वर जाऊ देऊ नयेत असा सल्लाच देऊन ठेवला आहे. आमच्या मते सामान्य प्रापंचिकास त्याचा दशांशही पुष्कळ झाला.

दप्तर आवरण्याची रीत शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. पेशवाईत आणि त्यानंतरच्या काही काळात दख्खनच्या गावांत थळझाडा नावाचा एक कागद असे. गावची मिरास जमीन थळाथळांत वाटलेली असे. एकेका मूळ घराण्याचे एकेक थळ, त्या थळात भाऊबंदांचे वाटे, आणि जे घराणे निर्वंश झाले वा परागंदा झाले त्याची जमीन गतकूळ म्हणून वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स याने या थळांची दखल घेतली आहे, आणि त्यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, मूळ घराणे नाहीसे होऊन जमीन दुसरेच कोणी वाहू लागले तरी थळाला नाव जुन्याच घराण्याचे राही. वाढलेल्या वंशवृक्षाचाही प्रथम असाच झाडा घ्यावा. कोरा कागद घेऊन आपल्या घराण्याचे, आईच्या माहेरचे, आजीच्या माहेरचे आणि पत्नीच्या अथवा पतीच्या घरचे अशी थळे पाडावीत, आणि प्रत्येक थळापुढे त्याची रुजवात कोण करू शकेल त्याचे नाव लिहावे. ज्या थळापुढे आपलेच नाव येते ते आपले. ज्यापुढे मामेभावाचे नाव येते त्याचा कारभार मामेभावास विनंती करून सोपवावा. बहुतेक संकेतस्थळांवर दुसऱ्यास सहकारभारी करता येते आणि मग स्वतः दूर होता येते. ज्यापुढे कोणाचेच नाव येत नाही ते गतकूळ. विकीट्रीवर अशा नोंदीवरील कारभार सोडून देता येतो. मग ती पोरकी म्हणून राहते आणि पुढे ज्यास तिच्याविषयी खरी माहिती आहे तो ती दत्तक घेतो. सोडली म्हणून नोंद पुसली जात नाही, नाव कायम राहते, हे मनाशी पक्के झाले की हात सैल होतो.

यानंतर येते ते दुबार नोंदींचे काम. ते कंटाळवाणे आहे, पण वंशावळीची खरी परीक्षा तिथेच होते. जुन्या कागदात नाव येते ते आडनावावाचून, ‘तुकाराम बिन बाबाजी’ असे. आजोबाचे नाव नातवास ठेवण्याची आपली चाल असल्यामुळे तुकाराम बिन बाबाजी, बाबाजी बिन तुकाराम आणि पुन्हा तुकाराम बिन बाबाजी अशी साखळी एकाच घरात तीन पिढ्या चालते, आणि संगणक पहिल्या व तिसऱ्या पिढीतील तुकारामांस एकच माणूस समजून विलीन करण्याची शिफारस मोठ्या उत्साहाने करतो. ती मानली तर बाबाजी आपल्याच मुलाचा मुलगा होतो. उलट बाजूने एकाच माणसाचे दोन होतात ते सनांच्या घोळामुळे. कागदावर नुसता 1280 हा आकडा असला तर तो फसली की शुहूर हे पाहिले पाहिजे; फसली असेल तर 590 वा 591 मिळवून 1870-71 हे साल येते, शुहूर असेल तर 599 वा 600 मिळवून 1879-80. एकाने एक हिशेब केला, दुसऱ्याने दुसरा, की नऊ वर्षांच्या अंतराने जन्मलेले दोन सख्खे भाऊ तयार होतात, ज्यांची आई, बाप, गाव आणि नाव सारे एकच! म्हणून नोंदीत इसवी सन लिहिताना मूळ कागदावरील आकडा जसाच्या तसा शेजारी लिहून ठेवावा. पुढे येणाऱ्यास आपली वजाबाकी-बेरीज तपासता आली पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत ही गुंतागुंत अधिक गहिरी होते. पुरुषाचे नाव जन्मभर एक. पण विवाहात वधूचे नाव बदलण्याची चाल असल्यामुळे माहेरच्या वृक्षात चंद्रभागा म्हणून नांदणारी मुलगी सासरच्या वृक्षात सरस्वती होते, जुन्या खात्यात ती ‘कोम’ अथवा ‘भ्रतार’ लावून नवऱ्याच्या नावाने येते, आणि दोन्हीकडच्या नातवंडांनी आपापले वृक्ष चढवले म्हणजे एकीच्या दोन बायका होऊन बसतात. त्या दोघी एकच आहेत हे यंत्रास उमगण्याचा काही मार्गच नसतो. अशा ठिकाणी उपयोगी पडते ती तलाठ्याकडील गाव नमुना 6-क, म्हणजे वारस नोंदवही, आणि तिच्यावरून झालेले फेरफार. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुली बापाच्या मिळकतीच्या वारस ठरल्या. त्यामुळे त्यानंतर वारलेल्या खातेदाराच्या वारसांत लेकींची नावे, नवऱ्यांच्या नावांसह, लिहिलेली सापडतात. एका फेरफाराच्या चार ओळींत माहेर आणि सासर यांची गाठ मिळते. पुढे बहुधा याच लेकींनी हक्कसोड करून दिलेले असते, आणि तो दुसरा फेरफारही, त्यामागची गोष्ट काही असो, वंशावळकारास दुसरा दाखला म्हणून कामास येतो. अशा दोन नोंदी विलीन करताना सासरचे नाव ठेवून माहेरचे टाकून देऊ नये. दुसरे नाव लिहिण्यास प्रोफाइलात स्वतंत्र रकाना असतो, तो याचसाठी.

दोन नोंदी निराळ्या आहेत असे ठरले तर तेही लिहून ठेवण्याची सोय या संकेतस्थळांवर आहे, आणि तिचा उपयोग आपले लोक फारच थोडा करतात. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे 1725 साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे त्या गावचे पाटील. त्याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील जामगावी ग्वाल्हेरचे महादजी शिंदे यांचा वाडा आहे. ते राणोजी शिंदे यांचे पुत्र, आणि त्यांचे मूळ गाव साताऱ्याकडील कण्हेरखेड. अठरावे शतक, एकच जिल्हा, एकच आडनाव, दोघांच्याही घरी पाटीलकीचा अभिमान. पण घराणी दोन. आडनाव पाहून जो धागा ओढतो तो एका रात्रीत चौंडीकरांस ग्वाल्हेरच्या गादीचे भाऊबंद करून टाकील, आणि मग त्या चुकीवर शेकडो आधुनिक शिंद्यांचे वृक्ष लोंबू लागतील, कारण नामवंताशी नाते निघत असेल तर ते तपासण्याची घाई कोणास नसते. ग्वाल्हेरकरांच्या नावाची इंग्रजी अक्षरे आणखी निराळी असल्यामुळे त्यांचे तर आपसांतही दुबार होते. नामवंत घराण्याशी आपला वृक्ष जोडणारा जो एक दुवा असतो तो आधी तोडून बाजूला ठेवावा आणि पुरावा मिळाल्यावरच पुन्हा सांधावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. भावकीत यावरून रुसवे होतील, होऊ द्यावेत.

गावांच्या नावांविषयी थोडक्यात सांगण्याजोगे इतकेच की, घटना घडली तेव्हा जे नाव चालू होते ते लिहावे. 1943 चा जन्म अहमदनगरचाच, पेशवाईतील कागदात श्रीगोंद्याचे नाव चांभारगोंदे असेल तर तिथे चांभारगोंदेच, आणि आजचे नाव टिपणीत. राहात्यास स्वतंत्र तालुका म्हणून नोंदताना तो 1999 पूर्वी नव्हता हे विसरू नये. अन्यथा ज्या तालुक्यात कागद शोधावयाचा तिथे कोणी जाणारच नाही.

हयात माणसांच्या नोंदींची बाब याहून नाजूक आहे. जातीच्या दाखल्यासाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करावे लागते, सोबत शाळा सोडल्याचे दाखले आणि आधारच्या प्रती जोडाव्या लागतात, आणि कित्येकांनी हे सारे पुडके सोयीसाठी म्हणून त्याच वृक्षात चिकटवून ठेवले आहे. तिथे ते ठेवण्याचे काहीएक प्रयोजन नाही. जात पडताळणी समितीपुढे मूळ नोंद चालते. कोणासही बदलता येणारी संकेतस्थळावरील वंशावळ हा पुरावा नव्हे. शिवाय आईचे माहेरचे आडनाव विचारून खातेदाराची ओळख पटवण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, तिच्या दृष्टीने उघडा वृक्ष म्हणजे भामट्यास आयते निमंत्रण. फॅमिलीसर्चवर हयात व्यक्ती ज्याने नोंदवली त्यालाच दिसते, हे चांगले. अन्यत्र काही ठिकाणी मात्र खाजगीपणाची खूण आपणच करावी लागते, आणि जेडकॉमने उतरवलेल्या नोंदींत मृत्यूचा रकाना कोरा असल्यास माणूस हयात की मृत हे एकेक नाव काढून पाहावे लागते. शंभर वर्षांपूर्वी जन्मलेल्या पणजीस हयात दाखवणे विनोदी ठरेल. पण शाळेत जाणाऱ्या भाचीची जन्मतारीख जगजाहीर होणे ही थट्टेची गोष्ट नव्हे.

एवढे झाल्यावर जे उरेल त्याची जेडकॉम फाइल उतरवून घ्यावी आणि ती घरातील किमान दोघांकडे ठेवावी. फाइल घेताना देवनागरी अक्षरे शाबूत आहेत ना, हे उघडून पाहावे. 2021 मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत यूटीएफ-८ ही लिपिसंहिता सक्तीची असल्यामुळे ती अडचण उरत नाही, जुन्या आवृत्तीत मात्र नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटल्याचे प्रकार घडतात. त्यासोबत थळझाड्याचा तो कागदही, कोणते थळ कोणाकडे सोपवले याच्या तारखांसह, सात-बाराच्या उताऱ्यांच्या फाइलीतच लावावा, म्हणजे आपल्यामागे खात्याचा परवलीचा शब्द कोणास ठाऊक नसला तरी कोणास विचारावयाचे हे ठाऊक असेल. पुढील लेखांकात कोतवाल बुकाचे एक पान घेऊन त्यातील मोडी अक्षरे एकेक करून लावून पाहू.