टोकेलाऊचा प्रवास

टोकेलाऊ हा दक्षिण प्रशांत महासागरातील न्यू झीलंडचा अधीन प्रदेश असून अटाफू, नुकुनोनू व फाकाओफो या तीन कंकणद्वीपांचा तो बनलेला आहे. लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास. येथे विमानतळ नाही. सामोआची राजधानी आपिया येथून सुमारे ५०० किलोमीटर जहाजानेच जावे लागते व त्यास एक दिवस किंवा अधिक काळ लागतो.

परवाना आपियातील टोकेलाऊच्या कार्यालयाकडून आधीच घ्यावा लागतो. निवासाची सोयही निघण्यापूर्वी ठरलेली असावी लागते. चलन न्यू झीलंडचे डॉलर असून रोकड सोबत नेणे इष्ट.

खरी अडचण उतरताना येते. या बेटांना बंदर नाही. जहाज प्रवाळभित्तीबाहेर थांबते आणि माणसे व सामान लहान होड्यांतून भित्तीतील अरुंद वाटेने किनाऱ्यावर नेले जाते. समुद्र खवळलेला असल्यास हे काम लांबते. नोव्हेंबर ते एप्रिल या चक्रीवादळांच्या काळात तर विशेषच. म्हणून जहाज परतण्याच्या दिवशीचेच पुढील विमान ठरवणे धोक्याचे असते. ३० डिसेंबर २०११ हा दिवस वगळून सामोआ व टोकेलाऊ आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पश्चिमेकडील दिनगणनेत आले. त्यापूर्वीच्या प्रवासपुस्तिकांतील वार यामुळे चुकतात.

ही जहाजसेवा मुळात पर्यटकांसाठी नाही. बेटांवरील धान्य, इंधन व टपाल तिच्यातूनच येते आणि मोठ्या उपचारांची गरज असलेले रुग्णही सहसा याच जहाजाने आपियाला जातात. जागा अपुरी पडल्यास पाहुण्याने मागे राहणे येथे स्वाभाविक मानले जाते.