पाच वर्षे मुंबई जिंकणारे पोलिस

लातूरच्या आमच्या कॉलेजात मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी आहे. अभ्यासात बेताचा, पण अंगात नेहमी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा. एकदा मी सहज विचारले, "हा बँडवाल्यांचा पोशाख कुठून पैदा केलास?" त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "सर, हा युव्हेंटसचा आहे. इटलीतला क्लब. १८९७ सालचा!" आणि मग त्या पोराने व्याकरणाच्या तासाला कधी न दाखवलेल्या उत्साहाने क्लबच्या विजयांची सनावळी माझ्यापुढे ओतली.

मी म्हटले, त्याच ट्यूरिन शहरात टोरिनो नावाचा दुसरा क्लब आहे, त्याचे काय? तेही त्याला ठाऊक होते. १९४३ साली आणि मग युद्धाचा खंड सोडून १९४६ ते १९४९ अशी ओळीने पाच अजिंक्यपदे टोरिनोने मिळवली. ४ मे १९४९ रोजी लिस्बनहून सामना खेळून परतताना त्यांचे विमान शहराजवळच्या सुपर्गा टेकडीवर आदळले आणि एकतीस माणसे गेली. त्यांतले अठरा खेळाडू. उरलेले सामने क्लबने आपली पोरे घेऊन खेळले, आणि समोरच्या संघांनीही पोरेच उतरवली. आजही दर ४ मे रोजी त्या टेकडीवर लोक जमतात आणि संघाचा कप्तान गेलेल्यांची नावे वाचतो.

"आता मला असा संघ सांग," मी म्हणालो, "ज्याने आपल्या राजधानीचे नाव छातीवर लावून मुंबईत लागोपाठ पाच वर्षे करंडक जिंकला." त्याने विचार केला. मुंबई, नागपूर, पुणे अशी नावे घेतली. मी सांगितले, हैदराबाद. त्यावर तो जे बोलला ते मला अद्याप टोचते आहे. "सर, हैदराबादचा आपल्याशी काय संबंध?"

वाचकहो, संबंध असा आहे, की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद राज्यातच होते. लातूर तर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. नांदेडचा मुलगा पुढे शिकायचा झाला, की मीटरगेजच्या गाडीत बसून काचीगुड्याला उतरायचा. आमच्या आईचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते असेच उतरले होते. शिक्षण उर्दूतून, जेवण खानावळीत, आणि संध्याकाळी फुटबॉल; खेळायला नव्हे, पाहायला.

त्या काळी आमच्याकडे 'पोलिस' हा शब्द काही प्रेमाने उच्चारला जात नसे. निजामी राजवटीचे शेवटचे दिवस आणि रझाकारांचा धुमाकूळ ज्यांनी पाहिला, त्यांना खाकी रंगाचीच धास्ती. आबांच्या घरचे लोक तेव्हा घराला कुलूप लावून सरहद्दीपलीकडे उमरखेडच्या बाजूला जाऊन राहिले होते. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज आली, तर तिच्या मोहिमेलाही नाव पडले 'पोलिस कारवाई'! आणि यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, 'हैदराबाद सिटी पोलिस' या नावाचा संघ मुंबईला गेला आणि रोव्हर्स करंडक घेऊन आला. आबा सांगत, की बातमी ऐकून त्यांना आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाजही वाटली. घरी पत्र लिहिले त्यात त्यांनी या विजयाचा उल्लेख केला नाही.

रोव्हर्स ही स्पर्धा साधीसुधी नव्हे. १८९१ पासून मुंबईत चालत आलेली. पहिली पंचेचाळीस वर्षे तिच्यावर गोऱ्या पलटणींचीच मालकी. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती प्रथम हिंदी हातात आणली. तो करंडक पोलिसांनी १९५०, ५१, ५२, ५३ आणि ५४ असा कूपरेजच्या मैदानावरून ओळीने पाच वेळा उचलला. असा पराक्रम पुढे ती स्पर्धा बंद पडेपर्यंत कुणाला साधला नाही. त्याच १९५० साली दिल्लीत, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या ड्युरँड करंडकात, त्यांनी कलकत्त्याच्या मोहन बागानला हरवले. १९५४ साली ड्युरँड पुन्हा त्यांचाच.

या संघाचा गुरू मात्र पोलिस नव्हता. तो होता शाळामास्तर. सय्यद अब्दुल रहीम, जन्म १९०९, उस्मानियाचे पदवीधर. मास्तरकीत माणसाला एक खोड लागते. मुलाला जे सहज येते ते बाजूला ठेवून जे येत नाही तेच करायला लावायचे. रहीमसाहेबांनी ही खोड मैदानावर नेली. पोरांच्या स्पर्धा भरवायच्या, पण अट अशी की चेंडू पायात घोळवत पळायचे नाही. आला की दुसऱ्याला द्यायचा. दुसरी स्पर्धा अशी, की ज्याचा उजवा पाय चांगला त्याने डाव्यानेच मारायचे. उंचीची मर्यादा घालून बुटक्या पोरांचे सामने लावायचे. आपल्याकडे चेंडू घेऊन चारजणांना चकवणाऱ्यावर टाळ्या पडतात. रहीमसाहेबांना ते पसंत नव्हते. चेंडू जमिनीसरपट, पास आखूड आणि वेळेवर, माणूस सदैव मोकळ्या जागेत, ही त्यांची रीत. मला स्वतःला यात चांगल्या गद्याचे लक्षण दिसते, पण तो माझ्या धंद्याचा दोष समजावा.

मग देशाचा संघही त्यांच्याच हाती आला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक. दुसऱ्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाकडून दहा-एक असा सडकून मार! आपले कितीतरी खेळाडू अनवाणी उतरले होते. त्यानंतर मात्र बूट पायात चढले आणि चारच वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला.

त्या मेलबर्नच्या तारखा पाहा. ऑस्ट्रेलियाला चार-दोनने हरवले ती तारीख १ डिसेंबर १९५६. संघात अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन, बलराम ही हैदराबादची मंडळी. आणि ज्या हैदराबाद राज्यातून ती आली, ते राज्य बरोबर एक महिन्यापूर्वी नकाशावरून गेले होते! तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसुरात, आणि आपला मराठवाडा मुंबई राज्यात. भाषावार वाटणी व्हायलाच हवी होती. आबांचेही तेच मत. पण वाटणीत जमीन वाटली जाते, नद्या वाटल्या जातात. जिंकलेले करंडक कुणाच्या वाट्याला येतात?

टोरिनोचा शेवट एका क्षणात झाला. पोलिसांचा शेवट कुणाच्या लक्षातही आला नाही, इतका तो सावकाश झाला. १९५७ साली रोव्हर्स आणि ड्युरँड दोन्ही पुन्हा जिंकले. मग नाव बदलले. १९६० आणि १९६३ चे रोव्हर्स 'आंध्र पोलिस' या नावाने. पण कलकत्त्याच्या क्लबांची थैली मोठी आणि पोलिस खात्याचा पगार ठरलेला. बलराम १९५७ मध्ये ईस्ट बंगालला गेला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये, म्हणजे युव्हेंटसच्याच इटलीत, त्याने हंगेरीवर गोल केला. पुढे नईमुद्दीन, हबीब हेही कलकत्त्याचे झाले. १९६२ मध्ये रहीमसाहेबांनी जकार्त्याला कर्करोगाने पोखरलेल्या शरीरानिशी दुसरे आशियाई सुवर्ण मिळवले आणि ११ जून १९६३ रोजी ते गेले. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा चित्रपट निघाला. त्यात भर देशाच्या संघावर, पोलिसांच्या संघाला फारशी जागा नाही.

अलीकडची एक गंमत सांगतो. पुण्याचा एक व्यावसायिक क्लब २०१९ मध्ये मोडला आणि त्याची जागा घेऊन हैदराबाद एफ. सी. उभा राहिला. २०२२ साली गोव्यात त्याने इंडियन सुपर लीग जिंकली. पुढे पैशाची तंगी आली, आणि २०२५ मध्ये क्लब दिल्लीला गेला, नावासकट बदलला. हैदराबादचे नाव पुन्हा पुसले गेले.

हे सारे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. पट्टेवाल्या सदऱ्याच्या बाहीशी चाळा करीत त्याने एकच प्रश्न विचारला. "मग सर, वाटणीनंतर तुमचे आबा कुणाच्या बाजूचे?"

प्रश्न बिनतोड होता. कारण १९५७ च्या संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते हैदराबाद आणि मुंबई. आबा तोवर नांदेडला मास्तर झाले होते, म्हणजे मुंबई राज्याचे नोकर. शाळेत एकच वर्तमानपत्र येई आणि मधल्या सुट्टीत ते मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे असे. त्या दिवशी त्यांनी खेळाची बातमी चाळली आणि उत्साहाने जाहीर केले, "आपण जिंकलो!"

कोपऱ्यातून हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, नीट वाचा. आपण हरलो."