दांत्यांचा हिशेब

यंत्रशास्त्राचा एक नियम असा आहे कीं, त्याच्या बाजारांत फुकट कांहींच मिळत नाहीं. जोर हवा असेल तर वेग द्यावा लागतो, आणि वेग हवा असेल तर जोर. मोटारसायकलच्या साखळीखालीं असलेल्या दोन दांतेरी चाकांत हा नियम फार स्पष्ट दिसतो; म्हणून तो आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

सायकल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या पायडलाजवळचें दांतेरी चाक मोठें व मागचें लहान असतें. मनुष्याच्या पायांत जोर पुष्कळ, पण ते सावकाश फिरतात. म्हणून पायडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक दोन-तीन वेळां फिरावें अशी ही योजना. मोटारसायकलची स्थिति याच्या उलट आहे. तिचें एंजिन मिनिटास हजारों फेरे घेतें, पण त्याचा पीळ त्या मानानें थोडा असतो. म्हणून तेथें पुढचें दांतेरी चाक लहान व मागचें मोठें ठेवून वेग कमी करतात आणि जोर वाढवितात. कारागीर या चाकांस स्प्रॉकेट म्हणतात.

आतां हिशेब करूं. पुढच्या स्प्रॉकेटास १५ व मागच्यास ४५ दांते आहेत असें समजा. पुढचें ३ वेळां फिरेल तेव्हां मागचें एकदां फिरेल. पुढें १४ दांत्यांचें बसविलें, तर ३ चे ३.२१ होतात, मागील चाकावरचा जोर सुमारें ७ टक्क्यांनीं वाढतो. गाडी जागेवरून चटकन सुटते आणि ओझें घेऊन चढ चढते. परंतु एंजिनाच्या ज्या फेऱ्यांवर पूर्वीं ताशीं ९० किलोमीटर वेग मिळत होता, त्याच फेऱ्यांवर आतां ८४ च मिळतो. उलट पुढें १६ दांते केले, तर तितक्याच फेऱ्यांत ९६ किलोमीटरचा हिशेब येतो, पण गाडीचा उठाव मंदावतो. मागें मात्र दांते वाढविले कीं जोर वाढतो. आमच्या उदाहरणांत पुढचा १ दांता कमी करणें आणि मागचे ३ वाढविणें हीं जवळजवळ सारखींच आहेत.

येथें एक शंका येईल. पुढें १६ दांते बसविले म्हणजे गाडी खरोखरच ९६ किलोमीटरनें धांवेल काय? कागदावर धांवेल, रस्त्यावर धांवेलच असें नाहीं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. ९० वरून ९६ वर जाण्यास त्या कामीं सुमारें २१ टक्के अधिक शक्ति हवी. एंजिन आपली सर्व शक्ति ९० लाच खर्च करीत असेल, तर नव्या स्प्रॉकेटानें त्याचे फेरे पडतात, शक्तीहि घटते, आणि गाडी ९० च्याहि मागें राहते! ज्या फेऱ्यांवर एंजिन पूर्ण शक्ति देतें, नेमक्या त्याच फेऱ्यांवर वाऱ्याशीं बरोबरी व्हावी, हें वेगासाठीं उत्तम प्रमाण होय.

केवळ एकाच प्रमाणावर भागत नाहीं, हें १९११ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील टी. टी. शर्यतींत दिसून आलें. त्या वर्षीं शर्यत प्रथमच स्नेफेल पर्वताच्या चढावरून जाणाऱ्या, सुमारें ६० किलोमीटरांच्या मार्गावर नेली गेली. अमेरिकेंतील ‘इंडियन’ कारखान्याच्या गाड्यांना साखळी व दोन गतींचा गिअरबॉक्स होता. चढास एक प्रमाण, सपाटीस दुसरें. सीनियर शर्यतीच्या अखेरच्या निकालांत पहिले तीनहि क्रमांक त्यांनींच पटकाविले. पुढें गिअरबॉक्स सार्वत्रिक झाला. तथापि गिअरबॉक्सांतील प्रत्येक गिअरचें प्रमाण शेवटीं या दोन स्प्रॉकेटांनींच गुणलें जातें. म्हणून एका दांत्याचा फरक सर्व गिअरांत जाणवतो.

पालकांसहि दोन शब्द सांगणें अवश्य वाटतें. पुढचें स्प्रॉकेट फार लहान केल्यास साखळीस तीव्र वळण घ्यावें लागतें व ती लवकर झिजते. वेगमापक गिअरबॉक्सावरून चालत असेल, तर दांते बदलतांच तो खोटें सांगूं लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, दांते बदलल्यानें ब्रेक सुधारत नाहींत. ८४ ऐवजीं ९६ किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीस, ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत, सुमारें ३० टक्के अधिक अंतर लागतें.

यासाठीं, मुलानें नवें स्प्रॉकेट मागितल्यास त्यास प्रथम विचारावें: गाडी घाटांत ओझें नेणार, कीं सपाट सडकेवर दूर जाणार? जोर हवा कीं वेग, हें ठरवून मगच दांते मोजावेत. जो दोन्ही मागेल, त्यास वरील हिशेब पुन्हां करावयास सांगावें.