गाडी घाटात बंद पडते तेव्हा

गेल्या महिन्यात मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करून देताना एजंटाने आणखी एक कागद हळूच पुढे सरकवला. वाटेत गाडी बंद पडली तर मदत, वर्षाचे सभासदत्व दीड हजार. "साहेब, दिवसाला चार रुपये पडतात," तो म्हणाला. बँकेत उभी हयात गेल्यामुळे कोणी दिवसाचा हिशेब सांगू लागले की मी आधी वर्षाचा मांडतो.

ही कल्पना काही नवी नाही. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन मुंबईत १९१९ साली निघाली. पण आज नव्या गाडीबरोबर पहिली काही वर्षे कंपनीच ही सेवा देते, विम्यातही जादा पैसे भरून ती मिळते आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहेच. घरी येऊन पॉलिसी उलगडली, तर तीत हे कलम होतेच! गेल्या वर्षीही मी त्याचे पैसे न वाचताच भरले होते.

मग बारीक अक्षरे वाचली. चाक बदलून मिळेल, पण स्टेपनी आपली. पेट्रोल आणून देतील, पेट्रोलचे पैसे आपले. गाडी ओढून नेतील, पण ठरावीक किलोमीटरपर्यंत. पुढचे भाडे आपण मोजायचे.

दोन वर्षांपूर्वी पसरणी घाटात आमच्या गाडीच्या रेडिएटरचा पाइप फुटला. तेव्हा मी एका कंपनीचा सभासद होतो. फोनवरच्या मुलीने विचारले, "सर, जवळची खूण?" म्हटले, "वळण." "पिनकोड?" आता घाटातल्या वळणाचा पिनकोड कोणाला ठाऊक असतो हो? शेवटी खाली निघालेल्या एका टेम्पोवाल्याने वाईचा मिस्त्री धाडला. तो तासाभरात मोटारसायकलवरून नवा पाइप घेऊन आला. कंपनीच्या माणसाचा फोन आला तेव्हा आम्ही घरी जेवत होतो.

हे सारे सांगून मी विजयी मुद्रेने एजंटाचा कागद बाजूला ठेवला. सौ. म्हणाली, "तुम्ही रस्त्यात कोणालाही हात करता. रात्री नऊला मी कोणाला करू?"

ती दर महिन्याला एकटी गाडी घेऊन पुण्याहून वाईला आईकडे जाते. हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीला फोन लावला. रात्री माणूस येतो का, आणि वाईच्या बाजूला कोण येतो? बऱ्याच वेळाने साताऱ्याच्या एका गॅरेजचे नाव मिळाले. तिथेही फोन केला. मालक म्हणाला, "येतो की रात्रीपण. पण गाडी ओढायची झाली तर साताऱ्यालाच आणणार."

एवढे पुरेसे होते. नवे सभासदत्व घेतले नाही, विम्यातले कलम राहू दिले. वाचलेल्या दीड हजारांत थोडी भर घालून झिजलेली स्टेपनी तेवढी बदलली.

पॉलिसीवरचा मदतीचा क्रमांक सौ.ने ठळक अक्षरांत लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे. परवा पाहिले, तर त्याच्या वर वाईच्या मिस्त्रीचा होता.