युद्धानें उखडलेलीं मुलें व शेतीचें शिक्षण

"शेती ती काय शिकवावयाची? ती पाहूनच येते," असें आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मागें म्हटलें, आणि त्याच्यापुरतें तें खरेंच होतें. पुसेगावच्या काळ्या रानांत वाढलेला मुलगा ढेकूळ मुठींत दाबून वापसा आला कीं नाहीं हें सांगतो; तिफणीमागें चालतां चालतां बीं किती खोल पडतें हें त्याच्या हातास कळतें. बापाच्या मागें आठ दहा हंगाम काढले, एवढीच त्याची शाळा. परंतु लढाईमुळें ते हंगामच एखाद्या मुलाच्या आयुष्यांतून नाहींसे झाले, तर त्यानें शेती कोणाकडे पाहून शिकावी?

आमच्या भागास ही गोष्ट अगदींच परकी नाहीं. सन १९४७-४८ मध्यें निजामी राज्यांत रझाकारांच्या जुलमास कंटाळून सरहद्दीवरील कित्येक कुटुंबें वऱ्हाडांत निघून गेलीं. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर त्यांस परतण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्यांचीं जाणतीं माणसें बरोबर होतीं, त्यांचा हंगाम बुडाला, विद्या बुडाली नाहीं.

आफ्रिकेंतील युगांडा देशाच्या उत्तर भागांत मात्र विद्याच बुडण्याची वेळ आली. तेथें १९८७ च्या सुमारास सुरू झालेलें बंड जवळजवळ वीस वर्षें चाललें, व एका काळीं सुमारें १८ लक्ष लोक छावण्यांत राहत होते. शेतकऱ्यांचीं मुलें छावणींत जन्मलीं आणि वांटपाच्या धान्यावर वाढलीं. २००६ नंतर लोक गांवीं परतूं लागले, तेव्हां आपलें शेत कोठें संपतें व शेजाऱ्याचें कोठें सुरू होतें हें दाखविणारा म्हातारा कित्येक घरीं उरला नव्हता.

आपल्या महाराष्ट्रांत घरादारास मुकलेल्या मुलांस काम शिकविण्याचा जो मोठा प्रयत्न झाला, तो लढाईमुळें नव्हे, दुष्काळामुळें. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्य प्रांतांतून शेंकडों मुली आणून पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें त्यांस आश्रय दिला. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनांतील संख्या सुमारें २,००० झाली. तेथें विहिरी खणल्या, भाजीपाला लाविला, गाई पाळल्या. विणकाम, तेलाचा घाणा व छापखानाहि चालला. मुलींनीं पिकविलेलें त्यांच्याच पंक्तींत वाढलें जावें, हें त्यांतील मर्म आम्हांस फार मोलाचें वाटतें. आमच्या लहानपणीं एका शाळेंत बागेस पाणी घालणें ही खोडकर मुलांची शिक्षा असे, आणि वांगीं कोण खाई तें आम्हांस कधींच कळलें नाहीं! असल्या शिक्षणानें शेतीचा तिटकारा मात्र उत्पन्न होतो.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषि संघटना आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनीं २००३ च्या सुमारास मोझांबिक देशांत अनाथ मुलांकरितां शेतीशाळा काढल्या. पुढें तीच पद्धत पॅलेस्टाईनसारख्या युद्धग्रस्त प्रदेशांतहि नेण्यांत आली. तिचें मूळ १९८९ च्या इंडोनेशियांत आहे. तेथें औषधें फवारूनहि भातावरील तुडतुडे वाढत, कारण त्यांस खाणारे मित्रकीटक औषधानें मरत. तेव्हां शेतकऱ्यांस व्याख्यान न देतां दर आठवड्यास शेतांत नेऊन किडी मोजावयास लाविलें. मुलांच्या शेतीशाळेंत साधारणतः १२ ते १८ वर्षांचीं तीसेक मुलें घेतात, त्यांत निम्म्या मुली. पेरणीपासून काढणीपर्यंत एक वाफा त्यांच्या स्वाधीन असतो. आठवड्यांतून दोन तीन वेळां तीं तेथें जमतात, पानें उलटून मावा किती व ढालकिडे किती हें मोजतात, रोपाचें चित्र काढतात, आणि पाणी द्यावें कीं खुरपावें हें आपसांत वाद घालून ठरवितात. निर्णय चुकला तर वाफाच सांगतो; शिक्षकानें रागावण्याचें कारण उरत नाहीं. मग प्रश्न येतो, या रोपाचे शत्रू कोण व रक्षक कोण? आणि तुमचे? जें मूल घर जळाल्याची हकीकत सांगूं शकत नाहीं, त्यानें रोपाविषयीं बोलतां बोलतां स्वतःविषयीं बोलावें, असा त्यांत हेतु असतो. नाटुकलीं व गाणींहि याच कामीं येतात.

तथापि हातीं विद्या आली आणि पायाखालीं जमीन नसली, तर त्या मुलास आपण मजूरच केलें असें होईल. बाप गेलेल्या पोराची जमीन आप्तच बळकावतात. मुलीची तर गोष्टच नको. म्हणून मोझांबिकमध्यें पिकांबरोबर वारसाहक्काचाहि पाठ देण्यांत आला. तो आम्हांस खत व बियाण्याच्या पाठाहून अधिक निकडीचा वाटतो. आपल्याकडे सातबारा असूनहि धुऱ्यावरील एका तासाकरितां सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात; मग वीस वर्षें ओस पडलेल्या शिवारांत परतलेल्या पोरक्या मुलाची बाजू कोण मांडणार? शिक्षणाच्या अखेरीस त्यास बियाणें व अवजारें द्यावींत हें योग्यच. पण त्यापूर्वीं गांवांत जे कोणी जाणते उरले असतील त्यांच्या समक्ष त्याच्या शेताच्या चारहि सीमा त्याच्याकडून पायीं चालवून घ्याव्या, आणि बरोबर त्याच्या बहिणीसहि न्यावें.